बुरशीचे फल्लीदाणे भाजले तरी विष राहतंच

पावसाची झड लागली की आमच्या नागपूरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फल्लीदाण्यांबद्दल, म्हणजे शेंगदाण्यांबद्दल, एक मजकूर हमखास फिरतो: "बुरशी आलेले फल्लीदाणे फेकू नका. पुसा, उन्हात टाका, खमंग भाजा, विष मरतं. फार तर पोट बिघडेल. आजी-आजोबा हेच खात होते. मन होत नसेल तर गाईला घाला."

भाजल्यानं मरते ती बुरशी. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी दाण्यात जे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, ते काही प्रमाणात कमी झालं तरी उरतंच. ते पुरतं मोडायला साधारण २५० अंशांची उष्णता लागते, तेवढ्यात दाण्याचा कोळसा होईल. उन्हानं दाणे वाळतात, नवी बुरशी धरत नाही, इतकंच. आणि पुसून काय होणार? विष दाण्याच्या आत असतं.

"फार तर पोट बिघडेल" हे यातलं सगळ्यांत घातक वाक्य. थोड्या थोड्या विषानं पोट बिघडतही नाही, काहीच जाणवत नाही. यकृत ते बाहेर काढायला जातं आणि त्या खटपटीत त्याचं आणखी जहाल रूप तयार होतं. ते डीएनएच्या मजकुरातल्या ग्वानिन ('जी') या अक्षराला चिकटतं. पेशीनं दुरुस्ती केली तर ठीक, नाही तर पुढच्या प्रतीत 'जी'च्या जागी 'टी' (थायमिन) हे दुसरं अक्षर बसतं. बिघडलेल्या पेशींना आवरणाऱ्या पी-५३ जनुकाच्या २४९व्या स्थानावर नेमका हाच बदल, अफ्लाटॉक्सिन जास्त पोटात जातं अशा प्रदेशांतल्या यकृताच्या कर्करोगात वारंवार सापडला आहे. हेपॅटायटिस बी ही यकृताची विषाणूबाधा असेल तर धोका कित्येक पट वाढतो.

आजी-आजोबांचं म्हणाल, तर १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं कावीळ होऊन दगावली. तो मका कुणी कच्चा खाल्ला नव्हता. माझी आजी तर काळे, सुरकुतलेले दाणे सुपात वेचून बाजूला काढायची.

गाईला घातलं की तेच विष अफ्लाटॉक्सिन एम-१ या रूपात दुधात उतरतं. दूध उकळूनही ते जात नाही, आणि ते दूध पितं घरातलं लेकरू.

प्रत्येक बुरशी विषारी नसते, हे खरं. पण कुठली विषारी, ते डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात इतवारीच्या बाजारातून महिन्याचे दाणे एकदम भरू नका, आठवड्यापुरतेच आणा. कडू लागला तो दाणा थुंकून टाका. बुरशीचे दाणे पिशवीत बांधून कचऱ्यात जाऊ द्या, गोठ्यात नको.