अळंबी वनस्पती का नाही?

समाजमाध्यमांवर वारंवार फिरणाऱ्या एका संदेशात असा दावा केलेला असतो, की मशरूम म्हणजेच अळंबी ही वनस्पतीच आहे. कारण ती जमिनीतून उगवते, जागची हलत नाही, तिच्या पेशींना भित्तिका असते, उन्हात ठेवल्यास ती ड जीवनसत्त्व तयार करते आणि जुन्या पुस्तकांतही तिला वनस्पतींतच स्थान दिलेले आहे.

एका जागी स्थिर राहणे हे वनस्पतीचे लक्षण मानायचे, तर प्रवाळ आणि स्पंजही वनस्पती ठरतील. भित्तिका जीवाणूंच्या पेशींनाही असते. पाहायचे असते ते ती कशाची बनलेली आहे. वनस्पतींत ती मुख्यतः सेल्युलोजची असते, तर अळंबीत कायटिनची, म्हणजे खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पंखांत आढळणाऱ्या द्रव्याची. अन्नाचा साठाही अळंबी वनस्पतींप्रमाणे पिष्टाच्या (स्टार्चच्या) नव्हे, तर आपल्या यकृताप्रमाणे ग्लायकोजेनच्या रूपात करते.

जीवनसत्त्वाचा मुद्दा वरवर शास्त्रीय वाटतो, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. अळंबीतील अर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण पडले की त्याचे ड२ जीवनसत्त्वात रूपांतर होते, हे खरे. पण उन्हात आपली त्वचाही ड जीवनसत्त्व तयार करते आणि त्यामुळे कोणी आपल्याला झाड म्हणत नाही. वनस्पती उन्हात स्वतःचे अन्न बनवतात ते प्रकाशसंश्लेषणाने. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून शर्करा तयार होते व त्यासाठी हरितद्रव्य लागते. ते अळंबीत नसते. धिंगरी ही अळंबी भाताच्या पेंढ्यावर वाढते ती त्या पेंढ्याचेच विघटन करून. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या टर्मिटोमायसिस या अळंबीचे पोषणही वाळवीने वारुळात आणलेल्या मृत वनस्पतिद्रव्यावर होते. आपण खुडतो तो केवळ बीजाणू पसरवणारा भाग असतो आणि खरे शरीर, म्हणजे बारीक धाग्यांचे कवकजाल, आतच राहते.

अमरवेलीतही हरितद्रव्य जवळपास नसते, मग ती वनस्पती कशी, असा प्रतिप्रश्न येथे रास्त आहे. मात्र अमरवेलीला फुले येतात, बिया धरतात, तिच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या असतात आणि तिची वंशपरंपरा सपुष्प वनस्पतींचीच आहे. वर्गीकरण एखाद्या सुट्या लक्षणावर नव्हे, तर अनेक लक्षणांच्या मेळावर आणि वंशसंबंधांवर ठरते.

उरला जुन्या पुस्तकांचा दाखला. सजीवांचे वर्गीकरण करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने अठराव्या शतकात कवकांना, म्हणजे अळंबी ज्यात मोडते त्या बुरशीच्या गटाला, वनस्पतींतच बसवले होते, कारण त्याच्यापुढे वनस्पती आणि प्राणी असे दोनच कप्पे होते. 1969 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी सजीवांचे पाच गट मानणाऱ्या पंचसृष्टी पद्धतीत कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली. पुढे 1993 मध्ये प्रथिनांच्या तुलनेवरून कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची असल्याचे दिसून आले. याचा अर्थ अळंबी मांसाहारी ठरते असा उलटा संदेश कोणी पाठवू नये: प्राणी अन्न गिळून मग पचवतात, तर कवके विकरे, म्हणजे पाचक एन्झाइम, बाहेर सोडून अन्नाचे तेथेच पचन करतात आणि मग ते शोषून घेतात.