लाडू कापूनच आणावेत

गेल्या शनिवारी बेसबॉलच्या मैदानाच्या दारात तपासणीला उभ्या असलेल्या एका विशीतल्या पोराने आमच्या हिने केलेला डिंकाचा लाडू दोन बोटांत उचलला, उन्हात धरून पाहिला, अंगठ्याने दाबला आणि मग टेबलाच्या लोखंडी कडेवर हलकेच आपटला. टक्. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, हे आत नेता येणार नाही."

चार दिवस झाले, तो 'टक्' अजून कानातून जात नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं डोंबिवलीहून अमेरिकेत आलोय. बाळ सहा आठवड्यांचं झालं तेव्हा घरातल्या बायकांच्या लक्षात आलं की दोन पुरुष दिवसभर नुसते पायात येतात. जावयांना, म्हणजे निखिलरावांना, हुकूम सुटला, "बाबांना बेसबॉलची मॅच दाखवून आण." आणि दाराशी पुरवणी, "40 डॉलरच्या वर जाऊ नकोस." शहर कोणतं, टीम कोणती, ते मी सांगणार नाही. मुलीला अजून तिथेच राहायचंय.

या लोकांची एकेक टीम वर्षाला 162 सामने खेळते, त्यातले 81 घरच्या मैदानावर. इतका माल असल्यावर तो स्वस्त मिळावा अशी माझी भाबडी समजूत. पण तिकिटाचा भाव भाजी मंडईसारखा हलतो. मंगळवारी उतरतो, शनिवारी चढतो, समोर नावाजलेली टीम असली की कोथिंबिरीसारखा भडकतो. निखिलराव दोन दिवस मोबाइल हातात धरून बसले होते. शेवटी तळाला गेलेली पाहुणी टीम गाठून 12 डॉलरला एक अशी दोन तिकिटं त्यांनी टिपली. पूर्वी म्हणे 9 दाखवायचे आणि पैसे भरताना 'सोयीचं शुल्क' चिकटवायचे. मे 2025 पासून तिथल्या केंद्र सरकारच्या नियमाने पूर्ण आकडा आधीच दाखवावा लागतो. म्हणजे शुल्क आहे तिथेच आहे, आता फक्त तोंड दाखवून येतं. गाडी लावायचे 35 डॉलर होते, म्हणून ट्रेनने गेलो. दोघांचे जाऊन-येऊन 10. शिल्लक 6. मी हे सगळं मनात रुपयांत मोजत नव्हतो असं म्हणणं खोटं ठरेल.

6 डॉलरमध्ये आत काही मिळत नाही, पण बाहेरचं खाणं आत चालतं, हा या लोकांचा मोठेपणा. वानखेडेवर पाण्याची बाटलीसुद्धा दारात काढून घेतात. निखिलरावांनी आदल्या रात्री नियम छापून काढले होते. पिशवी पारदर्शक हवी. पाण्याची बाटली सीलबंद हवी. फळं कापलेली हवीत, कारण अख्खं सफरचंद फेकून मारता येतं. त्यांनी इमानाने सफरचंदाच्या फोडी केल्या, मी तिखट-मिठाच्या पुऱ्या भरल्या, आणि हिने जाता जाता चार लाडू टाकले. बाळंतिणीसाठी केलेले, पण वळलेले पैलवानाच्या हिशोबाने. पाक जरा पुढे गेला होता. हे मी गेल्या आठवड्यात घरी बोललो होतो. त्यावर दोन दिवस जो अबोला मिळाला, त्यानंतर हा विषय मी कायमचा मिटवला होता.

तो त्या पोराने उघडला. टक् करून.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"लाडू," मी म्हणालो.

"फळ आहे?"

"नाही."

"बेक केलंय?"

"नाही. वळलंय."

हे 'वळलंय' इंग्रजीत सांगताना मी हाताने जी कृती केली, ती पाहून त्याने लाडू टेबलावर ठेवला आणि एक पाऊल मागे सरकला. निखिलराव मदतीला धावले. डिंक म्हणजे झाडाचा चीक, असं त्यांनी सांगितलं. त्याने काही सुधारलं नाही. पोराने खांद्यावरचा वॉकी-टॉकी तोंडाशी नेला आणि अत्यंत गंभीर आवाजात वर कळवलं की एक गोल पदार्थ आहे, घट्ट आहे, एकूण नग चार.

अहो, हेच चार नग विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उघडून पाहिले होते. त्याने एकाचा वाससुद्धा घेतला आणि 'एंजॉय' म्हणून सोडून दिलं. एका देशाची हद्द ओलांडून आलेला लाडू एका मैदानाच्या दारात अडतो म्हणजे काय?

आमच्यामागे रांग वाढत चालली होती. अगदी मागे लागून एक म्हातारा उभा होता. म्हातारा म्हणजे माझ्याच वयाचा, पण हाफ पँटीत असल्याने जास्त वाटत होता. डाव्या हातात जुनं चामडी ग्लव्ह, काखेत धावफलकाची वही, कानावर पेन्सिल. हा आता वैतागून काहीतरी बोलणार म्हणून मी 'सॉरी' जुळवून ठेवलं होतं. तर त्याने पुढे येऊन विचारलं, "मी बघू का?"

त्याने लाडू तळहातावर घेतला. दोनदा वर उडवून झेलला. डोळे मिटले. "पाच औंस," तो म्हणाला. "अगदी नियमात." बेसबॉल 5 ते सव्वापाच औंसांचा असावा लागतो, हे त्याने मला नाही, त्या पोराला समजावलं. जणू नियमात बसला म्हणून लाडू आपोआप आत जाईल. मग दोन बोटं वर, अंगठा खाली, अशी पकड घेतली आणि मान हलवली.

"टाके नाहीत. याला वळण मिळणार नाही."

"किती टाके असतात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"108 दुहेरी."

"आमच्या जपमाळेत 108 मणी असतात."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. पेन्सिल काढून त्याने वहीच्या कोपऱ्यात काहीतरी टिपलं. त्या घटकेपासून तो आमच्या बाजूचा झाला आहे असं मला वाटलं, आणि नेमका तेव्हाच तो पोराला म्हणाला, "पण तू अडवतोयस ते बरोबर आहे. 10 ऑगस्ट 1995. लॉस एंजेलिस." त्या दिवशी तिथल्या टीमने दारात प्रेक्षकांना चेंडू फुकट वाटले होते. चिडल्यावर लोकांनी ते मैदानात फेकले, आणि पंचांनी सामना थांबवून सेंट लुईसच्या पाहुण्या टीमला देऊन टाकला. हे सगळं त्याने माझा लाडू हातात नाचवत सांगितलं. रांगेतल्या तीन-चार जणांनी लाडवाकडे नव्या नजरेने पाहिलं.

आता देशाची अब्रू होती. मी म्हणालो, "आमच्याकडे 1996. कोलकाता. वर्ल्ड कपची सेमीफायनल. लोकांनी बाटल्या फेकल्या. सामना श्रीलंकेला गेला."

"बाटल्या?" त्याचे डोळे मोठे झाले. "भरलेल्या?"

"बाबा," निखिलराव माझ्या कानाशी पुटपुटले, "आपण आत्ता सिक्युरिटीसमोर उभे आहोत."

वॉकी-टॉकीतून निकाल आला. फळांचाच नियम लावा. कापून दिलं तर आत, नाहीतर कचऱ्यात. सुरी आणायला अर्थातच बंदी. आतल्या स्टॉलवर प्लॅस्टिकची सुरी फुकट मिळते, अशी माहिती त्या पोराने अगदी मनापासून दिली. सुरी आत, लाडू बाहेर. तो दर वाक्याला मला 'सर' म्हणत होता, आणि त्याच आदराने कचरापेटी दाखवत होता. साजूक तूप, खारीक, खोबरं. पेटीत वरच कुणाचंतरी अर्धं सँडविच पडलेलं. मी म्हटलं, मी फोडतो.

हाताने फुटेना. शेजारी लोखंडी कठडा होता. देवळासमोर नारळ वाढवावा तसा मी लाडू त्यावर आपटला. तो फुटला नाही, हातातून सुटला. टेबलाखालून गेला, मेटल डिटेक्टरमधून गेला (वाजला नाही, याची नोंद घ्यावी), तिकीट तपासणाऱ्या बाईंच्या पायांमधून गेला आणि विनातिकीट मैदानात दाखल झाला. आत सात-आठ वर्षांचा एक मुलगा ग्लव्ह घालून आईची वाट बघत होता. त्याने सफाईने लाडू अडवला, वळला आणि सरळ परत फेकला. म्हाताऱ्याने डावा हात नुसता वर केला. धप्. ग्लव्हमध्ये.

रांगेने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी त्या मैदानावर एवढा चांगला झेल पुन्हा दिसला नाही.

"हेच म्हणत होतो मी, सर," पोरगा म्हणाला.

मग निखिलरावांनी चारही लाडू पिशवीत बांधले. बुटाने चेचा, असं मागून कुणीतरी सुचवलं. अन्नाला पाय लावणार नाही म्हणून मी पाण्याची सीलबंद बाटली वरवंट्यासारखी धरली आणि घातले चार घाव. लाडू भुगा झाले. बाटलीचं झाकणही तडकलं. पोराने बाटली उचलून पाहिली. सील तुटलेली बाटली आत चालत नाही.

पाणी आत घेतलं. साडेसहा डॉलर. 40 चा हिशोब दीड घोट पाण्यावरून कोसळला, आणि तोही 50 सेंटने, म्हणजे घरी सांगायला जास्तच लाजिरवाणा.

2023 पासून या खेळात पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, घड्याळ लावलंय. बेसवर धावायला टपलेला कोणी नसेल तर 15 सेकंदांत चेंडू टाक, रेंगाळू नकोस. आम्ही दारात 20 मिनिटं होतो. ते घड्याळ तिथे लावा की!

आमच्या खुर्च्या इतक्या वर होत्या की पायऱ्या चढताना निखिलराव दोनदा माझ्या गोळ्यांबद्दल विचारून गेले. त्याची तक्रार नाही. स्वस्त तिकीट म्हणजे उंचावर, ऊन तोंडावर, हे मला लहानपणापासून पाठ आहे. वानखेडे स्टेडियम तर उभंच राहिलं तिकिटांच्या भांडणातून. ब्रेबर्न स्टेडियमच्या क्लबवाले मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनला जास्त खुर्च्या देईनात, म्हणून शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं मैदान बांधलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, वेस्ट इंडिजच्या लॉइडने नाबाद 242 काढले. खुर्च्या आपल्याला कमी मिळाल्या म्हणून स्टेडियम बांधावं, हा मराठी माणसाने केलेला सर्वांत खर्चिक रुसवा असावा. मी तेव्हा 17 वर्षांचा. काकांनी पुरी-भाजीचा पितळी डबा आत नेला होता. पितळी! तो जर कुणी फेकला असता तर एक स्लिप आणि एक पंच गारद झाले असते. कुणी टक् करून पाहिलं नाही.

आता जे सांगतो त्याने माझं डोकं खरोखर फिरलं. खेळ सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक चेंडू सणकत प्रेक्षकांत गेला. लोक त्याच्या अंगावर धावले. चेंडू परत द्यायचा नसतो, घरी न्यायचा. मग दुसरा गेला. तिसरा नुसता मातीला लागला, तर पंचाने तो बाजूला काढून नवा मागवला. आमच्याकडे कसोटीत एक चेंडू 80 षटकं चालतो, आणि गल्लीत तर गटारातून काढून, धुऊन, पावसाळाभर. इथे पाच औंसांचा कडक गोळा, चांगल्या भल्या वेगात, लोकांच्या डोक्यावर येतो. जाळी आहे, पण ती सगळीकडे नाही. आणि लागला तर? "तिकिटाच्या अटींत असतं बाबा," निखिलराव म्हणाले, "जोखीम आपली."

म्हणजे त्यांनी मारलेला गोळा माझ्या जबाबदारीवर, आणि माझ्या पिशवीतला गोळाही माझ्याच जबाबदारीवर.

मधल्या वेळात एका बाईने बंदुकीसारख्या नळीतून प्रेक्षकांवर टी-शर्ट डागले. मला गप्प करावं म्हणून निखिलरावांनी मोबाइलवर शोधून सांगितलं की फिलाडेल्फियात तर टीमचं हिरवं सोंग तोफेतून हॉटडॉग उडवतं, आणि 2018 मध्ये असाच एक हॉटडॉग एका बाईंच्या चेहऱ्यावर आदळून डोळा काळा-निळा झाला होता. त्यांना वाटलं मी हसेन. मी तीन इनिंग (इथे सामन्यात नऊ असतात) बोललो नाही. खाद्यपदार्थ तोफेतून उडवायला परवानगी आहे, फक्त तो त्यांचा पाहिजे.

सातव्या इनिंगमध्ये सगळे उठून उभे राहिले, हातपाय ताणले आणि एका सुरात गायला लागले. तीस-पस्तीस ओळी खाली तो म्हातारा दिसला. ग्लव्ह छातीशी धरून गात होता. त्याने वर पाहिलं, मला ओळखलं आणि हवेत दोन बोटांची ती पकड करून दाखवली. मीही केली. हातात लाडवाचा भुगा होता, तो पुढच्या रांगेतल्या बाईंच्या केसांत गेला. मी खाली बसलो.

कोण जिंकलं ते विचारू नका. निखिलरावांनी सांगितलं होतं, विसरलो.

घरी पोचलो तेव्हा बाळ झोपलं होतं. ही स्वयंपाकघरात. तिने आधी पिशवी हातात घेतली, उलटी करून झटकली, आत डोकावून पाहिलं.

"लाडू संपले सगळे?"

"संपले," मी म्हणालो. निखिलराव एकदम छताकडे बघायला लागले.

"आणि म्हणे कडक झालेत."