मीटिंग कुठं भरते?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी दारूवरून जुंपते. काकांचं ठरलेलं असतं: दुकानंच बंद करा, बायकांना मतदान करू दे, होऊ दे बाटली आडवी. आतेभाऊ लगेच चंद्रपूर काढतो. २०१५ साली दारूबंदी केली, २०२१ साली उठवली, मिळालं काय? मग कुणी गडचिरोलीचं नाव घेतं, कुणी सरकारच्या महसुलाचं. आपल्या राज्यात कायद्यानं प्यायलासुद्धा परवाना लागतो हे कुणीतरी सांगतं आणि सगळे हसतात. ज्याच्यामुळं हा वाद आमच्या घरात शिरला तो माझा कोल्हापूरचा दादाही ग्रुपवर आहे. तो काही लिहीत नाही. निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. (हे त्याला विचारून लिहितेय. नाव घालणार नाही, एवढीच त्याची अट.)

मी अमेरिकेत ओहायोत राहते, अ‍ॅक्रन शहरापासून पाऊण तासावर. १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल धंद्यात आपटी खाऊन याच अ‍ॅक्रनच्या हॉटेलात एकटा पडला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, खाली बार गजबजलेला. त्यानं फोन उचलला आणि आपल्यासारखाच पिणारा माणूस कुठं भेटेल, याची चौकशी सुरू केली. सापडले ते डॉक्टर बॉब स्मिथ, सर्जन. डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली तो १० जून, तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे 'एए'चा वाढदिवस. पिणारी माणसं मीटिंगला जमून एकमेकांच्या आधारानं दारू सोडतात, ती ही संघटना. दर जूनला इथं मोठा मेळा भरतो.

मला त्या इतिहासापेक्षा इथल्या सवयीचं अप्रूप वाटतं. आज संध्याकाळी सात वाजता मीटिंग कुठं आहे, हे इथं लायब्ररीच्या बोर्डावर असतं, फोनवर असतं, चर्चच्या तळघराच्या दारावरही चिकटवलेलं असतं. खुली की बंद, तेही लिहितात. खुलीत कुणीही बसावं, बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे. मी जाते ती तिथं.

म्हणून अमेरिकेत सगळं छान आहे असं नाही. गाडी दारू पिऊन चालवली म्हणून न्यायाधीशांनी धाडलेले लोक मागं बसतात, कागदावर सही घेतात आणि निघतात. लायसन गेलेल्या माणसाला वीस मैलांवरची मीटिंग गाठायची कशी, याला इथं उत्तर नाही. कोल्हापुरात निदान रिक्षा तरी मिळते, नाहीतर चालत जाता येतं. आणि आम्ही मराठी लोक? मंडळाच्या दिवाळीत कोण गाडीत जाऊन पिऊन येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मीटिंगचा पत्ता त्याला कुणी देत नाही.

दादासाठी वहिनीनं काय काय केलं, ते मला उशिरा कळलं. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात वाचून तिनं चहातून पावडर घातली. पुढं डॉक्टर तिच्यावर भडकले, आणि ते बरोबरच होतं. त्या पावडरीत डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि वर दारू पोटात गेली, तर जिवावर बेतू शकतं. मग दादानं एकदम बंद केली, चिडून. तिसऱ्या दिवशी फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबणं धोक्याचं असतं, आधी डॉक्टर लागतो, हे आमच्या ग्रुपवरच्या शंभर मेसेजांत एकदाही आलं नव्हतं.

माळही घालून झाली. आतेभाऊ माळेला हसतो, मी हसत नाही. माळ घालून सुटलेली माणसं मी आमच्या पेठेत पाहिलीत. पण त्यांच्यामागं दिंडी होती, एकादशीचं भजन होतं. चार दिवस दिसला नाही तर घरी येऊन हाक मारणारं कुणीतरी होतं. दादानं माळ घातली आणि एकटाच घरी बसला.

दादा दवाखान्यातून सुटल्यावर मी इथून कोल्हापुरातली एएची मीटिंग शोधायला लागले. एका जुन्या यादीत राजारामपुरीतली शाळा होती. वहिनी कोल्हापुरी बाई, फोनवर म्हणाली, "दोनदा जाऊन आलो मी. कुलूप हाय. वॉचमन म्हणतोय, परीक्षा लागल्या तवा हलली इथनं, कुठं गेली म्हाईत न्हाई." शेवटी एकाकडून दुसऱ्याचा नंबर मिळत गेला आणि तिसऱ्या माणसानं पत्ता सांगितला. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, १४४१६ मानसिक आरोग्याचा, दोन्हीकडं पैसे पडत नाहीत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. पण भरती होऊन घरी आलेल्या माणसाच्या गुरुवार संध्याकाळचं काय? दुकानं बंद करायची की नाही यावर भांडताना आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. काका जिंकले काय, आतेभाऊ जिंकला काय, दादाला त्या गुरुवारी कुठं जायचं ते माहीत नव्हतं.

दादाची भीती वेगळी होती. "तिथं वळखीचं कोण भेटलं तर?" इथं नुसतं पहिलं नाव सांगून भागतं. कोल्हापुरात माणूस दिसला की आधी 'कुणातला रं तू?'. तो गेला, आणि भेटलंच ओळखीचं. त्याच्या दुकानात माल टाकणारा टेम्पोवाला. सात वर्षं सुटलेला. "मर्दा, तू?" दोघं एकदमच म्हणाले म्हणे.

त्यानंतर दादा एकदा लग्नात घसरला. परत गेला. तिथं फी नाही, हजेरी नाही, दारू सोडायची इच्छा एवढंच लागतं. खर्च आपसांत टोपी फिरवून निघतो, बाहेरच्याची देणगी घेत नाहीत. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात एएची ही पद्धत दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर उपचारांच्या तोडीची, काही ठिकाणी सरस निघाली. सगळ्यांनाच ती मानवते असं मात्र नाही. देवाच्या उल्लेखानं उठून गेलेले लोक मला इथंही माहीत आहेत.

मी दादाला एकच सुचवलं. आपल्या तालमीच्या फळ्यावर कुस्त्यांचं मैदान असतं, कुणाचं रक्षाविसर्जन किती वाजता तेही असतं. सगळी पेठ ते वाचते. तिथंच मीटिंगचा वार, वेळ, जागा का नको? जागा हलली की पुसून नवी लिहायची. वहिनीसारखं दोनदा कुलूप बघून कुणी परत जायला नको.

तो दहा दिवस काही बोलला नाही. मग परवा फोन आला, इकडं सकाळ होती. तालमीत गेला होता. पोरानं खडू घेतला, ओळ लिहिली आणि सवयीनं विचारलं, खाली सौजन्य म्हणून कुणाचं नाव घालू?

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाव ऱ्हाऊ दे."