जीवाश्मांचा तास वरळीच्या बेडकापासून सुरू करा

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत सरावपाठासाठी आलेल्या एका छात्राध्यापिकेने तिचं पाठ टाचण मला वाचायला दिलं. घटक: जीवाश्म. मुलगी मेहनती आहे, टाचणात सगळं जागच्या जागी होतं. प्रस्तावनेला डायनासोरचा व्हिडिओ, मग व्याख्या, मग प्रकार, मग शाडूत शिंपला दाबून त्यात प्लास्टर ओतायची कृती, शेवटी स्वाध्याय. हे सगळं 35 मिनिटांच्या एका तासिकेत बसवलेलं. मी वाचून तिला एवढंच विचारलं, "हा तास संपल्यावर एखाद्या मुलाच्या हातात साधा दगड दिला, तर तो तुला काय विचारेल?" ती विचारात पडली. त्या दिवशी घरी जाताना ट्रेनमध्ये माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं, कारण पहिली कित्येक वर्षं मीही हा घटक तसाच शिकवला आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी जरूर वाचावं.

माझं म्हणणं असं की जीवाश्मांच्या तासाला मुलांच्या तोंडून "कशावरून?" हा प्रश्न निघाला पाहिजे. व्याख्या, प्रकार, नावं त्याच्या मागोमाग आपोआप येतात. आणि मुंबईतल्या मुलांसाठी या प्रश्नाची सुरुवात करायला अमेरिकेतल्या टी-रेक्सपर्यंत जायची काही गरज नाही. वरळी पुरते.

वरळीच्या टेकडीच्या दगडांत बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. एखाददुसरा नाही, लहान लहान बेडकांचे बरेच सांगाडे. 1847 मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं आणि नाव दिलं राना पुसिला. पुसिला म्हणजे चिमुकली. पुढे या बेडकाला इंडोबॅट्रॅकस हे नाव मिळालं. हा ओवेन म्हणजे ज्याने 1842 मध्ये 'डायनासोर' हा शब्द जगाला दिला, तोच. ज्या मुलांना डायनासोर म्हटलं की डोळे विस्फारायचे असतात, त्यांना हे सांगून बघा: डायनासोरांचं बारसं करणाऱ्या माणसाने पाच वर्षांनी आपल्या वरळीच्या बेडकाचं बारसं केलं. आमच्या वर्गात वरळीच्या चाळींतून येणारी मुलं आहेत. त्या दिवशी त्यांची मान जी ताठ झाली, ती कुठल्याही व्हिडिओने झाली नसती.

पण खरी गंमत यापुढे आहे. मुलांना भूगोलात शिकवलेलं असतं की मुंबई आणि जवळजवळ सगळा महाराष्ट्र काळ्या कातळावर बसला आहे आणि हा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. विज्ञानात शिकवलेलं असतं की जीवाश्म गाळाच्या खडकांत मिळतात. आता फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा, खाली लिहा 'वरळीचा बेडूक', आणि गप्प उभ्या राहा. किमान दोन मिनिटं काहीही सांगू नका. आम्हा शिक्षकांना हे सर्वांत जड जातं.

मुलं भांडायला लागतात. लाव्हात बेडूक जळून जाणार नाही का? मग तो नंतर आला असेल. नंतर आला तर दगडाच्या आत कसा गेला? माझ्या वर्गात साधारण सातव्या-आठव्या प्रयत्नाला कुणीतरी म्हणतं, "बाई, लाव्हा मध्येच थांबला असेल." बस्स. हेच हवं होतं. दख्खनचे ज्वालामुखी काही सलग ओकत नव्हते. दोन उद्रेकांच्या मध्ये मोठे खंड पडत. त्या काळात थंड झालेल्या कातळावर तळी साचली, झाडं उगवली, गाळ बसला, त्यात बेडूक नांदले. गोड्या पाण्यातलं कासवही मुंबईच्या अशाच थरांत मिळालं आहे. मग पुन्हा लाव्हा आला आणि तो गाळ वरून झाकला गेला. दोन पावांच्या मध्ये चटणी असते ना, तसा तो थर. वडापावाच्या शहरात हे दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही.

आणि याच थरामुळे वयाचा प्रश्न सुटतो. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. मी अनेक वर्षं मुलांना सांगत होते की डायनासोरांचं वय कार्बन वयमापनाने काढतात. कुणी मला हटकलं नाही, कारण दहावीच्या पुस्तकात पुराजीवीय पुराव्यांच्या सोबतच कार्बन वयमापन येतं आणि वाचणाऱ्याचा सहज तसा समज होतो. पण या मापनात मोजतात त्या कार्बन-14 चं अर्धायुष्य 5,730 वर्षं आहे, म्हणजे दर 5,730 वर्षांनी तो निम्माच उरतो. 1 मीटर लांबीची कागदाची पट्टी घ्या आणि मुलांना ती अर्धी कापायला सांगा, मग उरलेली अर्धी, मग पुन्हा अर्धी. नऊ वेळा कापली की हातात जेमतेम 2 मिलिमीटर उरतात आणि वर्षं झालेली असतात साधारण 51 हजार. त्यापलीकडे मोजायला काही राहतच नाही. बेडूक तर सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही पट्टी एकदा स्वतःच्या हाताने कापली की ती चूक मुलं आयुष्यात करणार नाहीत.

मग वय कळलं कसं? लाव्हावरून. लाव्हात पोटॅशियम असतं, त्यातल्या पोटॅशियम-40 च्या काही भागाचा अगदी सावकाश आरगॉन वायू होत जातो. पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षं. लाव्हा वितळलेला असताना आधीचा आरगॉन निसटून जातो, थिजल्यावर मात्र नवा तयार होणारा आतच अडकतो. म्हणजे दगड थिजला त्या क्षणी घड्याळ शून्यावर आलं. बेडकाच्या खालच्या लाव्हाचं वय काढा, वरच्या लाव्हाचं काढा. बेडूक या दोन तारखांच्या मधला. जिथे सगळीकडे गाळाचेच खडक आहेत तिथल्या शिक्षकांना ही सोय इतकी सहज मिळत नाही. आपल्या पायाखाली ती आहे आणि आपण मुलांना परदेशातल्या दऱ्यांची चित्रं दाखवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता प्लास्टरविषयी. ही कृती बंद करा असं मी म्हणत नाही, मुलांना ती मनापासून आवडते. पण मुलं वीस मिनिटांत प्लास्टरचा शिंपला बनवून "बाई, माझा जीवाश्म घरी नेऊ?" असं विचारतात तेव्हा त्यांच्या मनात काय पक्कं झालं याचा विचार करा. मी आता ती कृती उलटी करते. एका गटाने शाडूत ठसा उमटवायचा, प्लास्टर ओतायचं, आणि मूळ वस्तू लपवून फक्त प्लास्टरचा तुकडा दुसऱ्या गटाला द्यायचा. त्यांनी सांगायचं की हा प्राणी कोण, त्याची कुठली बाजू आपल्याला दिसते आहे, आणि सर्वांत महत्त्वाचं, या तुकड्यावरून काय सांगताच येणार नाही. रंग सांगता येत नाही. आतला जीव जिवंत होता की किनाऱ्यावर रिकामा शिंपला पडला होता, तेही नाही. एका गटाने तर खेकड्याचा एकच पाय दाबून दिला होता आणि दुसऱ्या गटाने तो किड्याचा ठरवून दोन पानं लिहिली. चूक होती, पण त्यांचा युक्तिवाद वाचून मी त्यांना पूर्ण गुण दिले.

(करणार असाल तर: प्लास्टर दोन वाट्या, पाणी एक वाटी. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, तेव्हा मुलांना हात आत बुडवू देऊ नका. आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात टाका.)

माझ्या सगळ्या वर्षांत सर्वांत चाललेली कृती मात्र फुकटातली आहे. वर्गात 52 मुलं, तर 52 चिठ्ठ्या. प्रत्येक मूल म्हणजे त्या तळ्याकाठचा एक प्राणी, जो नुकताच मेला आहे. चिठ्ठीत त्याचं पुढे काय झालं ते. बहुतेकांच्या चिठ्ठीत: दुसऱ्या प्राण्यांनी खाल्लं. उन्हापावसात हाडांचा भुगा झाला. पुरात वाहून गेलं. काहींच्या: गाळात पुरलं गेलं, पण आम्लयुक्त पाण्यात हाडं विरघळली. दोघा-तिघांच्या: जीवाश्म झाला, पण टेकडी झिजून तुकडे समुद्रात गेले. एकाच्या: जीवाश्म झाला, शाबूत आहे, पण वर टॉवर उभा राहिला. आणि एकाच्या: सापडला.

सगळ्यांनी उभं राहायचं, चिठ्ठी वाचायची, खाली बसायचं. हळूहळू वर्ग रिकामा होत जातो. शेवटी एक मूल उभं राहतं आणि वर्गात अशी शांतता पसरते की पंख्याचा आवाज ऐकू येतो. मग मी विचारते, आता फक्त हिच्यावरून आपल्या वर्गाबद्दल सांगा. एकदा उरलेली मुलगी उंच होती, चष्मा लावणारी. मुलं म्हणाली, सगळ्या मुलीच होत्या. सगळे उंच होते. चष्मा टिकेल का यावर दहा मिनिटं वाद झाला. आणि मागच्या बाकावरचा, कधी हात वर न करणारा मुलगा म्हणाला, "बाई, मग जे प्राणी आपल्याला माहीतच नाहीत, तेच जास्त असणार." नववीतल्या मुलाच्या तोंडून हे ऐकायला मिळावं म्हणून मी या नोकरीत आहे.

काळाची कल्पना देण्यासाठी 46 मीटरची सुतळी. पृथ्वीचं वय सुमारे 460 कोटी वर्षं, म्हणजे 1 मीटरला 10 कोटी. लोकलच्या दोन डब्यांपेक्षा थोडी लांब होते, व्हरांड्यात वळवून लावावी लागते. शेवटाकडून मोजत गेलं की वरळीचा बेडूक 60-65 सेंटिमीटरवर, डायनासोरांची सुरुवात साधारण 2 मीटर 30 सेंटिमीटरवर, आणि आपण, म्हणजे आधुनिक माणूस, शेवटच्या 3 मिलिमीटरमध्ये. माणूस आणि डायनासोर एकत्र दाखवणारी कार्टून बघून आलेल्या मुलांना यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

एक नाजूक प्रसंग तुमच्याही वर्गात येईल. कुणीतरी म्हणेल, "बाई, आमच्या देवघरात शाळिग्राम आहे, त्यातही असंच चक्र आहे." घाबरून विषय टाळू नका. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या अनेक शाळिग्रामांत दिसणारं ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याचं कवच. आज जिथे हिमालय आहे तिथे एके काळी समुद्र होता, याचा पुरावा आजीच्या देवघरात आहे. मी मुलांना सांगते, शाळेत आणू नका, आजीची परवानगी घेऊन तिच्यासोबत बसून बघा आणि तिला तो कुठून आला ते विचारा. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागल्याचं मला आजवर दिसलं नाही. उलट पुढच्या पालकसभेला एक आजी मुद्दाम आली आणि त्या प्राण्याबद्दल विचारून गेली.

पुराव्यांचं म्हणाल तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा विसरू नका. तिथे डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते. 2005 मध्ये त्यात गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे कळलं. शेणावरून! मुलं हसतात आणि हसताहसता लक्षात ठेवतात.

सहलीला जायचं तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जा. तिथे जीवाश्म नाहीत, लाव्हा थंड होताना आकसून झालेले सुमारे 200 फूट उंचीचे कातळखांब आहेत. 'इथे जीवाश्म का नाहीत?' हा प्रश्न घेऊन जा. हातोडी मात्र नको. आणि एक वादाचा विषय देऊन ठेवते: मुंबई बंदरातलं प्रिन्सेस डॉक खोदताना समुद्राच्या चिखलाखाली खैराच्या झाडांची खोडं मिळाली होती, त्यातली कित्येक उभीच. लाकूड लाकूडच होतं, दगड झालेला नव्हता. याला जीवाश्म म्हणायचं का? माझ्या वर्गात गेल्या वर्षी यावर मतदान झालं आणि निकाल अर्धा-अर्धा लागला.

हे सगळं एका तासिकेत होत नाही. मुख्याध्यापकांकडून जोडतास मागून घ्या. तोही मिळाला नाही तर फक्त बेडूक आणि चिठ्ठ्या घ्या, प्रकार मुलं पुस्तकातून वाचतील.

आमच्या छात्राध्यापिकेचा पाठ या गुरुवारी आहे. तिने टाचण पुन्हा लिहिलं आहे, चिठ्ठ्या काल आम्ही दोघींनी मिळून कापल्या. एकच गोष्ट अडली आहे: मुलांच्या हातात द्यायला त्या मधल्या थराचा दगड. बेसाल्ट हवा तेवढा आहे, पण मधल्या थराचा तो काळा, पापुद्र्यांचा गाळाचा खडक आमच्याकडे नाही. मुंबईतल्या कुठल्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात कुणी ओळखीचं असेल आणि एक तुकडा दोन दिवसांसाठी मिळणार असेल, तर कृपया मला मेसेज करा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि स्वतः परत आणून देईन.