नाडी एकसारखी लागली म्हणून धडधड 'गॅसची' ठरत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर धडधडीबद्दलचा एक संदेश सध्या घराघरांत फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: छातीत धडधडतंय पण नाडी एकसारखी लागतेय, तर तो गॅस किंवा पित्त. जोरजोरात खोका, थांबेल. ईसीजी नॉर्मल आला की विषय संपला. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिलीच असेल, तर धडधड थांबल्यावर ती बंद करा, अ‍ॅस्पिरिन पुरे. यात मधूनमधून अर्धं सत्य मिसळलंय, म्हणून लोक विश्वास ठेवतात. काळजी वाटते ती त्याचीच.

"नाडी एकसारखी, म्हणजे हृदय ठीक"

संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हे. वेडीवाकडी नाडी ही एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याची खूण, इथवर बरोबर. पण त्याच्याच भाऊबंदातला एट्रियल फ्लटर बहुतेक वेळा अगदी तालात चालतो. नेहमीच्या फ्लटरमध्ये हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात विजेची एकच लाट ट्रायकस्पिड झडपेभोवती गोल फिरत राहते. एक फेरी साधारण ०.२ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला सुमारे ३००. खालच्या कप्प्यांकडे जाताना वाटेत एव्ही नोड नावाचं फाटक लागतं. ते बहुधा दोनांतली एकच लाट पुढे सोडतं, म्हणून नाडी १५०. चारांतली एक सोडली तर नाडी ७५! मनगटाला काहीच कळत नाही, वरचे कप्पे मात्र फडफडतच असतात.

म्हणून ताल बघून थांबू नका, आकडा मोजा. दहा मिनिटं शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. ताल तुटक वाटला तर पूर्ण मिनिट मोजा. ताप, घबराट, जिना यांनी वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि विसावल्यावर हळूहळू उतरतात. फ्लटरचे ठोके बसा, झोपा, पाणी प्या, १४८-१५० च्या आसपास अडकून राहतात. सत्तरीच्या माणसाच्या हृदयाची ढोबळ कमाल गती २२० वजा वय, म्हणजे १५०. खुर्चीत बसल्या बसल्या हृदय तेवढं पळत असेल, तर ते पित्तावर ढकलून चालणार नाही. ताल सुधारणारी औषधं चालू असतील तर लाट मंदावते आणि आकडा १५० च्या खालीही अडकतो; तेव्हा नेमक्या संख्येपेक्षा तिचं अडकून बसणं महत्त्वाचं.

अर्धं सत्य एवढंच, की जड जेवणानंतर काहींना ठोका चुकल्यासारखा वाटतो. असे सुटे जादा ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. पण धडधडीमागे रक्त कमी असणं, थायरॉइड वाढणं, पोटॅशियम घटणं, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, दम्याची औषधं हेही असतं. म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि पोटॅशियम तपासतात.

"जोरजोरात खोका"

एव्ही नोडमधून फिरणाऱ्या काही प्रकारच्या धडधडीत जोर काढण्याची युक्ती चालते, तीही ठरावीक पद्धतीने: अर्धवट बसून १० मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, मग लगेच आडवं होऊन दुसऱ्याकडून पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरवून घ्यायचे. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत अशाने ४३ टक्के रुग्णांचा ताल जागेवर आला, नुसतं फुंकून १७ टक्क्यांचा. फ्लटरच्या वर्तुळात एव्ही नोड येतच नाही. त्यामुळे फार तर क्षणभर नाडी मंदावते आणि पुन्हा तेच. घरी मान चोळणं तर नकोच, वयस्कर माणसात मानेच्या रोहिणीतली गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते.

धडधडीबरोबर चक्कर, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं असेल, तर खोकत बसू नका. १०८ ला फोन करा.

"ईसीजी नॉर्मल आला"

कधी काढला होता? साधा ईसीजी साधारण १० सेकंदांचा असतो. धडधड थांबल्यावर काढला तर तो नॉर्मलच येणार. शक्य असेल तर धडधड चालू असतानाच जवळचा दवाखाना गाठा. वारंवार होत असेल तर २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र. महिन्यातून एखाद्या वेळी होत असेल तर एका दिवसाच्या होल्टरमध्ये ती सापडेलच असं नाही, जास्त दिवसांची नोंद मागा.

चालू धडधडीतली पट्टीही फसवते. कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो, त्यामुळे १५० च्या गतीत दोन ठोक्यांमध्ये बरोबर दोन मोठे (५ मिमीचे) चौकोन. फ्लटरची लाट दर चौकोनाला एक. त्यातली एक ठोक्याच्या टोकदार रेषेत किंवा तिच्या मागच्या उंचवट्यात दडते. मग मशीन वर छापतं, 'सायनस टॅकिकार्डिया', म्हणजे नेहमीचाच ताल, फक्त वेगवान. ईसीजीच्या लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या ओळींमध्ये करवतीच्या दात्यांसारखी रेषा दिसतेय का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

"धडधड थांबली, गोळी बंद, अ‍ॅस्पिरिन पुरे"

गोळी धडधडीसाठी नसतेच. फ्लटर किंवा फिब्रिलेशनमध्ये वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. या गुठळीवर अ‍ॅस्पिरिन भरवशाचं नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र त्यातही आहे. गोळी किती काळ हे वय, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, आधीचा पक्षाघात यांवरून ठरतं. विजेचा शॉक देऊन ताल आणला तरी पुढचे किमान चार आठवडे ती लागते, कारण कप्पे लगेच पूर्ण ताकदीने हलत नाहीत. अ‍ॅब्लेशनमध्ये लाटेची वाट जाळून तोडतात. नेहमीच्या फ्लटरमध्ये ते दहातल्या नऊहून अधिक जणांत यशस्वी होतं, पण पुढे फिब्रिलेशन होऊ शकतं, म्हणून त्यानंतरही गोळी परस्पर सोडायची नाही. अपिक्साबॅनसारख्या गोळीचा परिणाम एक-दोन दिवसांतच ओसरतो, तेव्हा दात काढायच्या आधीही आपल्या मनाने खाडा नको. आणि संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच आकसलेली असेल, तर अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या नव्हे, वॉरफरिन ही जुनी गोळीच. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) २ ते ३ च्या दरम्यान राहील असं.