पीएफच्या वेळी सल्लागार, कॉपीराइटच्या वेळी नोकर

ऑनलाइन शिकवणाऱ्यांच्या करारात पैशाचा आकडा ज्या पानावर असतो ते पान सगळे वाचतात. भांडणं होतात ती अकराव्या-बाराव्या पानावरून, आणि तीही कंपनी सोडताना.

मी जीवशास्त्र शिकवते. मधल्या काळात संध्याकाळच्या कॉलेजातून एलएलबी केलं, पण सनद घेतली नाही. त्यामुळे ओळखीच्या शिक्षकांमध्ये मी फुकटातली वकील. एप्रिल-मे आला की व्हॉट्सअॅपवर करारांच्या पीडीएफ यायला लागतात आणि खाली एकच ओळ: "मॅडम, सही करू ना?" आजवर बरेच करार वाचले. नावं वेगळी, लोगो वेगळे, मजकूर जवळपास एकच. त्यातली एक गंमत इतकी ठरलेली आहे की आता मी पीडीएफ उघडल्यावर आधी तीच शोधते.

सुरुवातीच्याच पानांवर लिहिलेलं असतं की आपण कंपनीचे कर्मचारी नसून 'स्वतंत्र सल्लागार' आहात. म्हणजे पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा तर नाहीच. महिन्याअखेरीस इनव्हॉइस पाठवायचं, व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापून उरलेले पैसे खात्यात. ठीक. मग 'बौद्धिक संपदा' नावाच्या कलमापाशी या. तिथे लिहिलेलं असतं की कराराच्या काळात आपण तयार केलेली लेक्चर्स, नोट्स, पीपीटी, प्रश्नसंच, आकृत्या हे सगळं नोकरीच्या ओघात तयार झालेलं मानलं जाईल आणि पहिल्या क्षणापासून कंपनीच्या मालकीचं असेल. म्हणजे पीएफ द्यायची वेळ आली की तुम्ही सल्लागार आणि कॉपीराइट घ्यायची वेळ आली की नोकर. एकाच करारात, एकाच सहीखाली.

कित्येकदा तिथे 'वर्क मेड फॉर हायर' असा शब्दप्रयोगही सापडतो. तो अमेरिकेच्या कायद्यातला. आपल्या कायद्यात तो नाही. कुणीतरी तिकडचा नमुना उचलला, कंपनीचं नाव घातलं आणि सही मात्र आमची कोथरूडमध्ये, सिडकोत, लातुरात.

सल्लागाराला शिस्त किती असावी? कॅमेरा सतत चालू. कंपनीचा टी-शर्ट अंगात, मागे कंपनीचा बॅनर. सुट्टी हवी तर आधी विचारायचं. तास बुडाला तर दंड. विद्यार्थ्यांचं रेटिंग घसरलं तर दर कमी. बाहेर शिकवायचं नाही, स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवरसुद्धा नाही. माझ्या घरी पाण्याची टाकी दुरुस्त करायला येणारे काका माझ्यापेक्षा जास्त स्वतंत्र आहेत. ते निदान "उद्या जमणार नाही ताई" म्हणू शकतात.

आता कायदा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १७ सांगतं की माणूस नोकरीत असेल आणि त्या नोकरीच्या ओघात काही लिहिलं असेल, तर वेगळं ठरलेलं नसल्यास पहिला मालक नोकरी देणारा. पण त्यासाठी नोकरी असावी लागते. तुम्ही खरोखर सल्लागार असाल तर तुमच्या नोट्स, तुमची संहिता, तुम्ही रचलेले प्रश्न यांचे पहिले मालक तुम्ही. कंपनीला ते हवे असतील तर तुमच्याकडून लेखी घ्यावे लागतात, आणि त्या लेखी हस्तांतरणालाही कलम १९ चे नियम आहेत. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून तर करारात 'कायमस्वरूपी, अपरिवर्तनीय, जगभर' हे तीन शब्द एका दमात येतात. ते गाळले तर तुमचा फायदा आहे, हे कंपनीच्या वकिलाला पक्कं माहीत असतं.

व्हिडिओचं मात्र वेगळं आहे आणि तिथे मी कंपनीच्या बाजूने बोलणार. कायद्याच्या लेखी रेकॉर्ड केलेलं लेक्चर म्हणजे सिनेमॅटोग्राफ फिल्म. ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते बनवलं तो निर्माता, म्हणजे स्टुडिओ, कॅमेरामन, एडिटिंग करणारी कंपनी. "व्हिडिओ माझा आहे" म्हणून भांडायला जाल तर बहुधा हराल. पण व्हिडिओ कंपनीचा म्हणून त्यातल्या नोट्सही आपोआप कंपनीच्या होत नाहीत. शिवाय त्या व्हिडिओत शिकवणाऱ्या माणसाला कायद्याने आणखी एक जागा दिलेली आहे, जी शिक्षकांनाच ठाऊक नसते. 'परफॉर्मर' म्हणजे कोण, याची कायद्यातली यादी वाचा: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, हातचलाखी करणारा, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्ती. गारुड्याच्या शेजारी आम्ही! मला तर हा शेजार आवडतो. या लोकांना सादरीकरणावर ५० वर्षांचे हक्क आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीने नाव लागण्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्कही मिळाला. अर्थात, चित्रीकरणाला लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला आक्षेप घेता येत नाही, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. पुन्हा सगळं करारापाशीच येतं. त्याच २०१२ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी राज्यसभेत जावेद अख्तर बोलले होते. शिक्षकांकडे असा कुणी नव्हता.

पैशाचं गणित समजा असं मांडलं. एका विषयाची १२० लेक्चर्स, लेक्चरला ८०० रुपये. शिक्षकाला मिळाले ९६ हजार. कोर्स ४ हजाराला, घेतला ३ हजार मुलांनी, म्हणजे १ कोटी २० लाख. जाहिरात, सर्व्हर, स्टुडिओ, टेलिकॉलर सगळा खर्च त्यातून जातो हे मान्य. पहिल्या वर्षी कंपनीला तोटाही होईल. पण दुसऱ्या वर्षी तोच कोर्स पुन्हा विकला जातो, तिसऱ्या वर्षीही, आणि शिक्षकाला शून्य. वर्गात उभं राहून शिकवणाऱ्याला दरवर्षी पगार मिळतो, कारण दरवर्षी त्याची गरज लागते. रेकॉर्डिंगने ती गरजच संपवली. म्हणून ऑनलाइन शिक्षकाचा तासाचा दर वर्गातल्या शिक्षकाच्या दराशी ताडून बघणं मला साफ चुकीचं वाटतं. आपण तास विकत नाही, पुढच्या अनेक वर्षांचे तास एकदाच विकून टाकतो.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं? २०२१ च्या सुरुवातीला कॅनडात, मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात, कलेच्या इतिहासाचा ऑनलाइन कोर्स करणारा एक विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांचा ईमेल शोधत होता. त्याला सापडली त्यांच्या निधनाची बातमी. फ्रांस्वा-मार्क गान्यों २०१९ मध्येच गेले होते. कोर्स चालूच होता.

आपल्याकडे या धंद्याची भरभराट झाली ती २०२० च्या टाळेबंदीत. त्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन शिकवणीतल्या बायजूजने मुलांना कोडिंग शिकवणारी मुंबईची व्हाइटहॅट ज्युनियर ३० कोटी डॉलरना घेतली. घरून शिकवणाऱ्या स्त्री शिक्षकांवर ती कंपनी उभी होती. मुलं लहान म्हणून शाळेची नोकरी सोडलेल्या, बदलीच्या गावी राहणाऱ्या, उत्तम शिकलेल्या बायकांना 'घरबसल्या काम' हे दोन शब्द किती मोठे वाटतात हे मला माहीत आहे. कराराचं अकरावं पान त्यांनी वाचलं नाही म्हणून मी त्यांना बोल लावणार नाही. मग १६ जुलै २०२४ ला बायजूजच्या मूळ कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तीही क्रिकेट बोर्डाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीपायी.

'सल्लागार' या शब्दाची खरी किंमत अशा वेळी कळते. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये, कंपनी विकून देणी भागवायची वेळ आली तर कुणाला आधी पैसे मिळणार याचा क्रम दिलेला आहे. कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी खूप वर, तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने. त्याखाली बाकी कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा थकीत पगार. मग बिनतारणाचं कर्ज, मग सरकार, मग 'उरलेली देणी'. इनव्हॉइस पाठवणारे आपण त्या उरलेल्यांत, झेरॉक्सवाला आणि पाण्याचे जार पुरवणारा यांच्यासोबत. तिथपर्यंत पैसा क्वचितच पोहोचतो.

"कामगार न्यायालयात जाऊ" असं रागाने म्हणणाऱ्यांना मी गोव्याची एक केस सांगते. करंझाळ्याच्या शाळेतल्या ए. सुंदरंबल या शिक्षिकेला १९७५ मध्ये नोकरीवरून काढलं. औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागता मागता प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८८ मध्ये निकाल लागला की शिक्षक हा 'कामगार' नाही, कारण मुलं घडवणं हे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम नव्हे, ते थोर कार्य आहे. थोर आहे म्हणून हक्क कमी! महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतल्या शिक्षकांना निदान १९७७ चा कायदा आहे, बडतर्फ केलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. अॅपवर शिकवणाऱ्याला ते दारही नाही, कारण अॅप ही मान्यताप्राप्त शाळा नव्हे. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा शिक्षकांना २००९ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं आणि त्या दुरुस्तीवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०२२ पर्यंत चालला. नव्या कामगार संहितांत मुदतीच्या नोकरीवर असलेल्यांना वर्षभरानंतरच ग्रॅच्युइटी आहे. माझा अंदाज, यापुढे 'सल्लागार' हा शब्द आणखी जास्त करारांत दिसेल.

"सोडल्यानंतर दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याही प्लॅटफॉर्मवर शिकवणार नाही" या कलमाला मात्र घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंदा-व्यवसायावर बंदी घालणारे करार रद्दबातल ठरवतं, आणि नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपली न्यायालयं साधारणपणे मानत नाहीत. करार चालू असतानाची बंदी मानतात. सेंच्युरी स्पिनिंगच्या १९६७ च्या निकालात तेच झालं: कल्याणच्या कारखान्यातला माणूस पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून प्रतिस्पर्ध्याकडे गेला आणि हरला. बाँडचंही, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर ठरलेली रक्कम भरण्याच्या अटीचंही, तसंच. "बाँडला काही अर्थ नसतो" हे आपल्याकडे सगळे छातीठोकपणे सांगतात, पण मे २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तिथे सरकारी बँकेच्या भरतीच्या खर्चाचा विचार झाला होता. दोन दिवसांच्या झूम-ट्रेनिंगसाठी लाखाचा बाँड टिकेल असं मला वाटत नाही, पण 'वाटत नाही' एवढ्यावर सही करू नये.

सध्या मला सगळ्यात काळजी वाटते ती नव्या ओळीची. यंदाच्या करारांत ती दिसायला लागली आहे: 'आवाज, चेहरा आणि शैली यांचा कोणत्याही तंत्रज्ञानात, सध्याच्या किंवा भविष्यातल्या, वापर करण्याचा हक्क'. शेकडो तासांचं स्वच्छ आवाजातलं, विषयवार लावलेलं रेकॉर्डिंग. एआय शिक्षक तयार करायला आणखी काय लागतं? जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना रोखलं. पण अरिजितने कुणाला असं लिहून दिलेलं नव्हतं. आपण देतोय. कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून एक चांगली तरतूद आहे की हस्तांतरणाच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला ते हस्तांतरण लागू होत नाही, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज. जुन्या करारांना तिचा आधार मिळू शकेल. नव्या करारांत एआयचा उल्लेख मुद्दाम येतोय तो त्यासाठीच.

एचआरला विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, बदलता येत नाही." माझा अनुभव, बदलता येतो. लीगलकडे जातो, आठवडा लागतो, आणि ज्या शिक्षकाच्या नावावर मुलं येतात त्याच्यासाठी बदलतो. नवख्यासाठी बदलत नाहीत, म्हणून नावाजलेल्यांनी आधी मागायला हवं. सगळं मागू नका. पगार वाढवून मागण्यात ताकद घालवू नका. ईमेलवर, फोनवर नव्हे, एवढंच कलम घालायला सांगा. कुणाला हवं तर सरळ उचला, माझं नाव नको:

"शिक्षकाने तयार केलेल्या लिखित साहित्याचा कॉपीराइट शिक्षकाकडे राहील, कंपनीला ते या कोर्सपुरतं वापरण्याचा परवाना असेल. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स करार संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत वापरता येतील; त्यानंतरच्या प्रत्येक शैक्षणिक वर्षासाठी दोघांनी लेखी ठरवलेला मोबदला देय राहील. वापर चालू असेपर्यंत शिक्षकाचं नाव दिसेल. आवाज, चेहरा किंवा रेकॉर्डिंग यांचा कृत्रिम प्रतिकृती बनवण्यासाठी वा एआय प्रशिक्षणासाठी वापर स्वतंत्र लेखी संमतीशिवाय होणार नाही."