बाथरूमच्या गळतीबद्दल आणि ‘जबाबदारी ढकलली’ या आरोपाबद्दल

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली, तुम्हाला त्यांचं ऐकून घ्यावं लागलं, आणि वास्तुशांत होऊन महिना होत नाही तोच नवी फरशी फोडायची वेळ आली. याबद्दल मी मनापासून माफी मागतो. घराचं नूतनीकरण माझ्या माणसांनी केलेलं आहे, तिथे काही बिघडलं तर माझं नाव निघणारच.

तुम्ही एक स्टार देऊन चार गोष्टी लिहिल्यात. ४५ दिवस सांगून ७१ दिवस लावले. चिमणीचा पाईप वाकडा नेला. बाथरूम गळतंय हे माहीत असून लपवलं. आणि काहीही विचारलं की ‘ते माझं काम नाही’ म्हणत जबाबदारी ढकलतात. पहिल्या दोन गोष्टींचं थोडक्यात सांगतो. पुढच्या दोन्हींबद्दल मात्र मला सविस्तर लिहावं लागणार आहे, रागावू नका.

उशिराच्या २६ दिवसांतले ११ दिवस माझे. फरशीवाला मिस्त्री शिमग्याला कोकणात गेला आणि सांगितलेल्या दिवशी परत आला नाही. हॉलची अर्धी फरशी झालेली होती, ती दुसऱ्याच्या हाती दिली की लेव्हल जाते म्हणून मी थांबलो. तुम्हाला गुढी नव्या घरात उभारायची होती, ते हुकलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आठ दिवस विजेचा मंजूर भार वाढवून घेण्यात गेले. दोन एसी, गीझर आणि इंडक्शन जुन्या भारावर चालणार नव्हते. अर्ज ग्राहकानेच करायचा असतो, आणि तुमचं बिल अजून आधीच्या मालकांच्या नावावर होतं, म्हणून आधी नाव बदलावं लागलं. उरलेले सात दिवस किचनचे. किचनवाल्यांच्या पहिल्या ड्रॉइंगप्रमाणे मी चिमणीचं सहा इंची भोक पाडून दिलं आणि ग्रॅनाइटमध्ये हॉबचं, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीचं, कटिंगही केलं. नंतर तुम्ही हॉब बदलला, तो दोन फूट डावीकडे सरकला, कटिंगचं माप बदललं. ग्रॅनाइट नवीन आणावा लागला. नवीन भोक जिथे पाडायचं तिथे बीम आहे. बीमला भोक मी कुणाच्याही घरात पाडणार नाही, एक स्टार मिळाला तरी नाही. म्हणून पाईपला दोन बेंड आले. बेंडने चिमणीची ओढ कमी होते हे मी तेव्हाच तुम्हाला बोललो होतो.

आता बाथरूम.

‘माहीत असून लपवलं’ हे शब्द मी बायकोला वाचून दाखवू शकलो नाही. चौदा वर्षं मी पुण्यात हे काम करतोय. फरशी, प्लंबिंग, रंग यांत चुका झाल्या आहेत, त्या निस्तरल्या आहेत. पण पाण्याच्या बाबतीत कुणाला अंधारात ठेवलेलं नाही. काय काय झालं ते तारखेने सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल.

जुनी फरशी काढून न्हाणीचा जुना कोबा, म्हणजे फरशीखालचा थर, साफ केला. नवीन कोबा न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या तोंडाकडे, उतार देऊन घातला. तो सुकल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले, पहिला आडवा आणि दुसरा उभा. भिंतीवर सगळीकडे एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सात फुटांपर्यंत. कोपऱ्यांत आणि ट्रॅपच्या कडेने जाळीची पट्टी दाबली, कारण गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. ४ मार्चला सकाळी ११ वाजता ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरलं आणि भिंतीवर खडूने पाण्याची खूण केली. खडू तुमच्या बाबांनी हातात घेऊन रेघ ओढली, मी फक्त जागा दाखवली. ६ मार्चला सकाळी ११ पर्यंत, पूर्ण ४८ तास पाणी तसंच होतं. मी स्वतः खाली जाऊन काकूंच्या बाथरूमचं छत हात लावून पाहिलं. त्यांनी चहा दिला तोही आठवतो. छत कोरडं होतं. मगच फरशी बसवली. सांधे भरून झाल्यावर २ एप्रिलला पुन्हा २४ तास पाणी भरून ठेवलं. तेव्हाही खाली एक थेंब उतरला नाही. दोन्ही वेळचे फोटो तारखेसह तुमच्या फोनवर आहेत.

९ एप्रिलला काचेचं पार्टिशन बसलं. ते माझ्याकडून नव्हतं. तुम्ही ओळखीतल्या काचवाल्याला परस्पर सांगितलं होतं, स्वस्तात होतंय म्हणून, आणि त्यात काही गैर नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होतो. त्याने खालची पट्टी फरशीला स्क्रूने आवळली. चार भोकं, प्रत्येकी पन्नास मिलिमीटर खोल. आता हे गणित बघा. फरशी नऊ मिलिमीटर, तिच्याखाली ॲडेसिव्ह पाच-सहा मिलिमीटर, आणि त्याच्या लगेच खाली वॉटरप्रूफिंग. वरून पंधरा मिलिमीटर गेलं की ड्रिल वॉटरप्रूफिंगमध्ये शिरतं, आणि ते पन्नासपर्यंत गेलं. रोज अंघोळीचं पाणी पट्टीच्या कडेने त्या भोकांत उतरत राहिलं. खालच्या छतावर डाग दिसायला म्हणूनच तीन-चार आठवडे लागले. पहिल्यापासून गळत असतं तर मार्चच्या त्या ४८ तासांतच खाली दिसलं असतं.

मे महिन्यात मी फरशी काढली तेव्हा तुम्ही आणि आई दोघं समोर उभे होतात. पट्टीखालच्या दोन फरश्या उचलल्या आणि तिसऱ्या भोकाभोवतीचा कोबा काळा पडलेला सगळ्यांनी बघितला. ट्रॅपच्या बाजूला कोबा कोरडा होता. मी ती जागा नीट केली, पुन्हा दोन हात मारले, ७२ तास पाणी ठेवलं, आणि पट्टी ड्रिल न करता सिलिकॉनने चिकटवली. पट्टी अशीही बसते, नीट बसते. मजुरी घेतली नाही. फक्त सामानाचे ३,८०० रुपये सांगितले, आणि त्याच रात्री हा रिव्ह्यू आला.

त्यात तुम्ही लिहिलंय की काचवाला कुणाचाही असो, सगळ्यांच्या कामाची सांगड घालणं मुख्य ठेकेदाराचंच काम असतं. सर, याबाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. आणि मला लागलं ते नेमकं इथेच.

स्वतःचं काम सुरू करण्याआधी नऊ वर्षं मी मोठ्या इमारतींच्या साइटवर सुपरवायझर होतो. तिथे हेच शिकलो की एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तो सांधा सगळ्यात नाजूक. स्लॅब ओतण्याआधी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोघांचे पाईप जागेवर आहेत का, हे तपासून दोघांची सही घ्यायची, त्याशिवाय काँक्रीटची गाडी आत यायची नाही. एसीचा डक्ट, विजेचे ट्रे, आग विझवायच्या पाण्याचे पाईप एकाच ड्रॉइंगवर एकावर एक मांडून बघायचे, नाहीतर छताखाली एकमेकांना अडतात आणि मग भांडण. वॉटरप्रूफिंग झालेल्या जागेत चिठ्ठीशिवाय कुणी ड्रिल घेऊन शिरायचं नाही. रोज सकाळी सगळ्या एजन्सींचे लोक दहा मिनिटं उभे राहायचे आणि आज कुणाची जागा कुणाच्या ताब्यात, हे ठरायचं. या सगळ्यासाठी तिथे पगारी माणूस असतो, दिवसभर दुसरं काही न करणारा.

घराच्या कामात असा माणूस वेगळा ठेवता येत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक एस्टिमेटमध्ये एक ओळ असते, ‘इतर एजन्सींशी समन्वय व देखरेख’. तुमच्या ६ लाख ४० हजारांच्या एस्टिमेटमध्ये त्या ओळीचे २२ हजार होते. त्यात किचनवाला, काचवाला, एसीवाला यांची ड्रॉइंग आधी मागवणं, ते येतील त्या दिवशी माझा माणूस साइटवर ठेवणं, आणि त्यांनी काम केल्यावर माझं काम शाबूत आहे का हे तपासणं, एवढं येतं. तुम्ही म्हणालात, ‘माझी नोकरीच प्रोजेक्ट मॅनेजमेंटची आहे, हे मी बघतो.’ आणि निळ्या पेनाने ती ओळ खोडलीत. शेजारी तुमची सही आहे, खाली माझी. तो कागद माझ्याकडे फाइलला आहे. मी तो इथे टाकणार नाही, तुमचं नाव आणि पत्ता त्यावर आहे, तसं करणं बरोबर नाही.

मी त्या वेळी काही बोललो नाही. पैसे कमी करून मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि मलाही ते काम हवं होतं, फेब्रुवारीत हातात दुसरं मोठं काम नव्हतं. पण जे काम तुम्ही स्वतः माझ्याकडून काढून घेतलंत, त्याच कामाच्या नावाने मला निष्काळजी म्हटलंत, हे पचवायला जड जातंय. माझ्याकडे आठ माणसं आहेत. परवा कर्वेनगरचं एक ठरलेलं काम थांबलं, त्यांनी सांगितलं की रिव्ह्यू वाचला. पावसाळा तोंडावर आहे, पावसाळ्यात कामं तशीही कमी होतात.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही, कारण खरं बोलायचं तर सगळंच बोलावं. ९ एप्रिलला रात्री आठच्या सुमारास तुम्ही मला पार्टिशनचा फोटो पाठवला होतात, ‘बसलं, मस्त दिसतंय’ म्हणून. मी ‘छान’ असं उत्तर दिलं. रिव्ह्यू आल्यावर तो फोटो मी मोठा करून पाहिला. खालच्या पट्टीवर स्क्रूची डोकी स्पष्ट दिसतात. त्या रात्री मी नीट बघितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी भोकं बुजवून घेता आली असती आणि काकूंचं छत खराब झालं नसतं. समन्वयाचे पैसे घेतले नव्हते हे खरं, पण वॉटरप्रूफिंग माझं होतं, आणि त्यात ड्रिल चालत नाही हे काचवाल्याला कुणी सांगितलं नसेल तर मला कळायला हवं होतं. तेवढा दोष माझा. तो मी तुमच्या आईंजवळ समोरासमोर कबूल केला आहे, इथेही करतो.

३,८०० रुपये देऊ नका, ते मी सोडले. काकूंच्या छताचा रंग मी करून देईन, पण ओल पूर्ण सुकल्यावर, त्याआधी मारला तर पोपडे धरतील. काकूंना तसं फोनवर सांगितलं आहे. यापुढे वॉटरप्रूफिंग झालेल्या बाथरूमच्या दारावर ‘फरशीत ड्रिल करू नका’ असा कागद लावायला माणसांना सांगितलंय, आणि समन्वयाची ओळ खोडली तरी निदान काय काय धोके आहेत ते लिहून द्यायचा विचार आहे, कसं जमतंय ते बघतो. चिमणीसाठी बेंड कमी करता येतो का, हे किचनवाल्यांबरोबर एकदा बसून पाहायला मी तयार आहे. शनिवारी दुपारी तीननंतर कधीही येतो, सोसायटीत त्या वेळी आवाजाचं काम चालतं.

रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणत नाही. उशीर झाला ते राहू द्या, चिमणीचंही राहू द्या, एक स्टारही राहू द्या. फक्त ‘माहीत असून लपवलं’ एवढे शब्द काढा. ४ मार्चची खडूची रेघ तुमच्या बाबांच्या हातची आहे, एकदा त्यांना विचारा.